खोटं कलम

मंगळवारी सकाळी संयोगिता मगदूम नवऱ्यासाठी पेज ढवळत होती, तेव्हा तिच्या फोनवर सरकारी पत्र आलं. पळी हातात तशीच धरून तिनं ते उघडलं.

'फेरवाचन विभाग. नमुना क्रमांक एसपी ११४. संकलन वर्ष २०३४, देवगड किनारा. आपण जमा केलेल्या कच्च्या माहितीत एका अनोळखी व्यक्तीच्या रक्ताचे अंश आढळले असून त्यात रक्ताच्या कर्करोगाची खूण आहे. सदर व्यक्तीस हे कळवणे बंधनकारक आहे. मुदत एकवीस दिवस.'

पेज खाली लागली. करपल्याचा वास आतल्या खोलीत पोचला आणि खाटेवरून लवूचा आवाज आला, "काय गो म्याडम, पेजेची भाकरी करतंस काय?"

"फोन आला होता," ती म्हणाली.

"कोणाचो?"

"ऑफिसचा."

लवू कुबल तिचा नवरा. त्याला रक्ताचा कर्करोग होता आणि तो आता पार शेवटच्या पायरीवर आला होता. पत्रातली 'अनोळखी व्यक्ती' म्हणजे तोच, हे संयोगिताला नमुन्याचा क्रमांक वाचताक्षणीच कळलं होतं. तिनं गॅस बंद केला.

फेरवाचन सुरू होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. जगभरच्या प्रयोगशाळांनी वीस-पंचवीस वर्षं जनुकं वाचून जो डोंगर रचून ठेवला होता, तो शास्त्रज्ञांनी आपापल्या कामापुरता उकरला आणि बाकीचा तसाच सोडून दिला. कोणी बेडकाची कातडी तपासली, कोणी विहिरीचं पाणी, कोणी भाताची मुळं. या सगळ्यात नमुना हाताळणाऱ्या माणसांचे अंश मिसळलेले असायचे. कुठे घाम, कुठे थुंकीचा शिंतोडा, क्वचित रक्त. शास्त्रज्ञ त्याला कचरा म्हणायचे आणि पहिल्याच चाळणीत काढून टाकायचे. पण कच्च्या नोंदीत तो कचरा शिल्लक असायचा, आणि फेरवाचनाचं यंत्र नेमका तोच वाचत बसायचं. मिरजेच्या एका निवृत्त मास्तरांना विहिरीच्या पाण्यामुळे आपल्या मूत्रपिंडाचा आजार कळला आणि ते वाचले. त्यांचा फोटो सगळीकडे झळकला, पुढे कायदा झाला. ज्यांना पत्र उशिरा मिळालं त्यांचे फोटो कोणी छापले नाहीत.

संयोगिताचं अवघं आयुष्य किनेजांवर गेलं होतं. किनेज म्हणजे पेशीतली एक जातीची प्रथिनं. त्यांचं काम एकच, दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा बारीकसा टिळा लावायचा. टिळा लागला की ते प्रथिन कामाला लागतं किंवा थांबतं, पुसला की पूर्ववत होतं. माणसाच्या अंगात अशी पाचशेच्या वर किनेजं आहेत आणि त्यांची घराणी आहेत, अगदी कुळं-पोटकुळं असावीत तशी. गंमत अशी की, समुद्राच्या खडकाला चिकटून बसणाऱ्या स्पंजात, ज्याला ना पोट, ना मज्जातंतू, ना रक्त, त्यातही यांतल्या बहुतेक घराण्यांचे मूळपुरुष सापडतात. एकेकट्या राहणाऱ्या पेशी जेव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी एकत्र नांदायला लागल्या, तेव्हा 'आता वाढ', 'आता बस कर', 'हा आपलाच आहे' असे निरोप एकमेकींना द्यायची वेळ आली. एकत्र कुटुंबात कोणी किती पसरायचं हे ठरावं लागतं, नाहीतर घर मोडतं. ते निरोप पोचवायचं काम ही घराणी तेव्हापासून करत आली आहेत. संयोगिताला त्यांची वंशावळ मांडायची होती, आणि त्यातही एबीएल नावाच्या एका जुन्या घराण्याची. हे घराणं स्वभावानं तापट. एरवी कुलुपात असतं. माणसाच्या रक्तपेशीत कधी अपघातानं त्याचं जनुक तुटून भलत्याच जनुकाला जोडलं गेलं तर ते कुलूप निखळतं, आणि 'वाढ, वाढ' एवढा एकच निरोप पेशीला मिळत राहतो.

जयसिंगपूरसारख्या कोरड्या गावातली ही मुलगी खाडीच्या तोंडाशी असलेल्या संशोधन केंद्रात आली, तेव्हा तिला ओहोटीची वेळसुद्धा बघता येत नव्हती. लवू केंद्राचा होडीवाला आणि पाणबुड्या. तिला खडपावर, म्हणजे समुद्रातल्या खडकांवर, कसं चालायचं ते त्यानं शिकवलं, म्हावरं म्हणजे मासळी ओळखायला शिकवलं, आणि दोन वर्षांनी जयसिंगपूरच्या घरी जाऊन तिच्या वडिलांसमोर मान खाली घालून बसला. मासेमारी करणाऱ्या गाबितांतला होडीवाला आणि पीएचडी झालेली मुलगी, यावर दोन्ही गावांनी मनसोक्त नाकं मुरडली. लग्नानंतरही तो तिला म्याडमच म्हणायचा, आधी सवयीनं आणि मग खोडीनं.

२०३४ सालच्या त्या दिवशी मोठ्या उधाणाची सुकती, म्हणजे ओहोटी होती. पाणी इतकं मागं गेलं होतं की म्हाताऱ्याचं खडप बुडापर्यंत उघडं पडलं. त्या खडपावर म्हातारा नावाचा राखणदार राहतो असं गाव मानतं. पाय ठेवण्याआधी नारळ ठेवून त्याला सांगायचं, गाऱ्हाणं घालायचं, अशी रीत. लवूनं नारळ आणला नव्हता. "मागारी जाऊन हाडतंय," तो म्हणाला. संयोगितानं घड्याळ दाखवलं. पाणी पाऊण तासात वर येणार होतं आणि तिला हवा तो नारिंगी स्पंज त्या खडपाच्या खालच्या अंगालाच होता.

लवू खडपावर चढला. हातमोजे काढून त्यानं होडीत फेकले.

"लवू, हातमोजे."

"हे घातले काय माका कायच कळणा नाय. ह्येका धरूक नाजूक हात होयो."

स्पंज अख्खा निघाला, पण खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारेनं लवूचा तळहात फाटला. डबीत स्पंज ठेवताना रक्ताचे थेंब आत पडले. ती ओरडली, तो हसला. दुसरा नमुना घ्यायला वेळच नव्हता.

पुढे त्या स्पंजाच्या पेशींत कोणकोणती जनुकं चालू आहेत ते वाचून झालं, तेव्हा माहितीत माणसाच्या जनुकांचे तुकडे निघणारच होते, आणि निघाले. पाहुणे यायच्या आधी घर झाडतात, तसं तिनं ते झाडायला घेतलं. झाडताना तिला एक विचित्र तुकडा दिसला. त्याची एक बाजू माणसाच्या एबीएलची आणि दुसरी बाजू भलत्याच जनुकाची. असे दोन तुकडे होते. वाचनाच्या तयारीत दोन असंबद्ध तुकडे चुकून एकमेकांना चिकटतात, हे या धंद्यात नेहमीचंच. देवगडच्या केंद्रात सगळी आंब्याच्या बागांत वाढलेली माणसं, त्यांनी अशा जोडचुकीला नाव दिलं होतं, 'खोटं कलम'. कलम खोटं, म्हणजे यंत्रानं बांधलेलं. शंभरात नव्याण्णव वेळा ते तसंच असतं. संयोगितानं वहीत लिहिलं, 'लवूचा हात. खोटं कलम. काढून टाकले.'

घरी जेवताना तिनं त्याला ते सांगितलंही होतं, हसत हसत. "तुझ्या रक्तात कलम सापडलं."

"हापूसचा काय पायरीचा?" त्यानं विचारलं, आणि दोघं भात नाकात जाईपर्यंत हसली होती.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं. आठ वर्षांनी लवूला पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. डाव्या कुशीत दगड ठेवल्यासारखं जड वाटायचं. आधी काविळीची औषधं झाली, मग वाताची. गोव्याच्या हॉस्पिटलात शेवटी निदान झालं तेव्हा रोग पेटून उठला होता. तिथल्या डॉक्टर बाईंनी संयोगिताला बाजूला घेऊन सांगितलं, की हा आजार काही वर्षं गुमान बसून असतो, त्या काळात सापडला तर रोजची एक गोळी पुरते, माणसं नातवंडं खेळवतात. एबीएलला पुन्हा कुलूप घालणारी गोळी. आता त्या गोळीला तो जुमानत नाही. तेव्हा संयोगिता हॉस्पिटलच्या बाकावर बसून नशिबाला बोल लावत होती. तिला वहीतली ती ओळ आठवलीसुद्धा नव्हती.

आता आठवली होती, आणि ती काही केल्या पुसली जात नव्हती.

पत्राच्या सोबत एक अर्ज होता. तीन पर्याय होते. व्यक्तीला स्वतः कळवणार, विभागाच्या समुपदेशकाकरवी कळवणार, किंवा व्यक्तीचा माग लागत नाही. तिसऱ्यावर खूण केली की प्रकरण मिटत होतं. यंत्रानं नमुना वाचला होता, तिची वही वाचली नव्हती. वही कपाटात होती आणि कपाटाची चावी तिच्याकडे.

पहिल्या दिवशी तिनं ठरवलं की आज नको, आज ताप आहे. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, दोन घास पेज गेली, मग चांगला दिवस कशाला नासवायचा? तिसऱ्या दिवशी त्याचा भाऊ भेटायला आला. असं रोज काहीतरी निघायचं आणि रोज ते पटायचं. खरं कारण एकच होतं. ती घाबरली होती. हे ऐकल्यावर लवू आपल्याकडे कसा बघेल, ती नजर घेऊन आपल्याला उरलेलं आयुष्य काढावं लागेल, याचं तिला भय वाटत होतं. शास्त्रज्ञ झाली म्हणून काय झालं, भित्रेपणाला पदवी विचारत नाहीत.

लवूचं मात्र वेगळंच चाललं होतं. आपल्याला हे का झालं, ते त्याला माहीत होतं.

"म्हाताऱ्याक न इचारता खडपार पाय ठेवलंय," तो म्हणायचा. "तेच्यानंतर बघ, सगळा उलटा झाला. माझीच चूक."

"असलं काही नसतं, लवू."

"तुझ्या पुस्तकात नसात. पन तू एक नारळ घेऊन जा नि माझ्या नावान गाऱ्हाणा घाल. माका थंयसर जाऊक जमाचा नाय."

तिनं ते टाळलं. आपण नारळ घेऊन खडकासमोर उभं राहायचं, तेही जे खोटं आहे हे आपल्याला ठाऊक आहे ते बोलायला, हे तिला जमेना. आधी तत्त्व म्हणून जमत नव्हतं, पत्रानंतर लाज म्हणून जमेना.

अठराव्या दिवशी दुपारी ती धुतलेली चादर घेऊन आत गेली, तर लवू डोळे मिटून, हात जोडून पुटपुटत होता. घराच्या त्या भिंतीपलीकडे समुद्र आणि समुद्रात ते खडप. तो पडल्या पडल्याच गाऱ्हाणं घालत होता.

"बा म्हाताऱ्या, चूक माझी. चुकीचो दंड मी भोगतंय. माझ्या बायलेर राग धरू नको. तिका ठावक नाय होता. तिच्या वाटेक जाव नको, महाराजा."

संयोगितानं चादर पायथ्याशी ठेवली. ती खाटेच्या कडेला बसली आणि तिनं सगळं सांगितलं. पत्र, नमुना, चाळणी, दोन तुकडे, वही. सांगताना ती मध्ये कुठेही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलताच आलं नसतं.

लवू छताकडे बघत ऐकत होता. "ता कलम?" त्यानं विचारलं. "जेवताना सांगलंलस ता?"

"हो."

"ता खरा होता."

"खरं होतं."

मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की ते बघून तिला रडावं की हसावं कळेना. तो सैलावला होता. "म्हणजे खडपाचा काय नाय? मी पाय ठेवलंय तेच्यान नाय झाला?"

"नाही लवू. तू काही केलं नाहीस. ते आधीच तुझ्या रक्तात होतं."

"मगे बरा." त्यानं जोडलेले हात सोडले. निदान झाल्यापासून नऊ महिने उरावर बाळगलेला धोंडा त्याच्या अंगावरून उतरला, आणि तो उतरतानाचा सुटकेचा श्वास तिनं ऐकला. अठरा दिवसांपूर्वी ऐकता आला असता.

मग त्यानं विचारलं, "तेव्हा कळला असता तर?"

खोटं बोलायची तिची शेवटची संधी होती. "रोज एक गोळी," ती म्हणाली. "म्हातारा झाला असतास."

लवूनं भिंतीकडे तोंड केलं.

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. शेजारच्या वहिनी, त्याच्या भावाची बायको प्रमिला, येऊन पेज भरवायच्या आणि तो त्यांच्या हातून खायचा. संयोगितानं चमचा पुढे केला की ओठ मिटून घ्यायचा. वहिनींनी दारात तिला विचारलं, "काय गो, भांडलास काय? अशा दिसांत भांडतत काय?" संयोगितानं नकारार्थी मान हलवली. ती स्वयंपाकघरात बसून राहायची आणि आतून येणारी प्रत्येक खोकल्याची उबळ मोजायची. शिव्या दे, ओरड, असं तिला त्याला सांगावंसं वाटत होतं. पण गप्प राहायचा त्याचा हक्क तिला मान्य होता.

त्या दोन दिवसांत तिनं अर्जातल्या पहिल्या पर्यायावर खूण करून लवूचं नाव विभागाला कळवलं होतं. विसाव्या दिवशी सकाळी दहाला विभागाचा फोन आला. कायद्याप्रमाणे संबंधित व्यक्तीशी थेट बोलणं आवश्यक होतं. समुपदेशक कोणी आर्या वझे होत्या, आवाजावरून पंचविशीच्या, आणि प्रश्न पाठ केलेले. संयोगितानं फोन स्पीकरवर टाकून लवूच्या उशाशी ठेवला आणि स्वतः दाराला टेकून उभी राहिली.

"लवू कुबल बोलताय का? आपल्याला नमुन्यातील निष्कर्षांची माहिती देण्यात आली आहे का?"

"होय. सांगल्यान माका."

"कोणी सांगितली?"

"बायलेन. तीच ती डॉक्टर."

कागदावर असा रकाना नसावा. मग आवाज थोडा कमी पाठ केलेला झाला. "मला फार वाईट वाटतं, कुबल काका. मला एक प्रश्न विचारावाच लागतो. नमुना हाताळणाऱ्या शास्त्रज्ञाविरुद्ध आपली काही तक्रार आहे का? असेल तर ती नोंदवण्याचा आपल्याला हक्क आहे."

लवूनं डोळे उघडले. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच तो संयोगिताकडे बघत होता.

"आसा," तो म्हणाला. "तक्रार आसा."

संयोगितानं दाराची चौकट घट्ट धरली. तिनं मनाशी ठरवलं की जे असेल ते उभं राहून ऐकायचं.

"सांगा, मी लिहून घेते. दोन हजार चौतीस सालच्या नमुन्यासंदर्भात…"

"ता न्हय." लवूला धाप लागली, तो थांबला, पुन्हा बोलला. "ता काम होता. कामात चूक होता. माझो हात कापलो, तीय चूकच. तेची तक्रार नाय माझी."

"मग?"

"पत्र इला तेका इस दिस झाले. तिना माका सांगूक अठरा दिस लावल्यान. माझे दिस किती रवले, ता तिका ठावक होता. ते अठरा दिस मी म्हाताऱ्याची माफी मागत पडलंय, नि ती भायर बसान रवली." त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळलं. "ह्या काम न्हय. ह्या घर आसा."

"हे… हे मी कोणत्या सदरात नोंदवू, काका?"

"नको नोंदवा. तिका आयकवचा होता, आयकवलंय."

फोन बंद झाला. संयोगिता दारातून हलली नाही. ती रडत होती, तोंडावर हात न ठेवता, लहान मूल रडतं तसं.

"ये हयसर," लवू म्हणाला. "माका उठवन बसव. आता एकय दिस भायर बसू नको."

तिनं त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. एके काळी होडी एकट्यानं वाळूवर ओढणारा माणूस, आता धुतलेल्या कपड्यांच्या बोचक्याएवढा हलका लागला. ती त्याच्या पाठीमागे बसली आणि त्यानं आपलं डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि तिनंही विचारलं नाही.

त्यानंतर लवू कुबल सव्वीस दिवस जगला. ते सव्वीसही दिवस ती त्या खोलीतून हलली नाही. त्यांत त्यांनी बोलायचं ते बोलून घेतलं, दोनदा भांडणही केलं, एकदा हसली. आता त्यालाही काही वर्षं झाली, आणि कोणी दिवस विचारले की संयोगिता सव्वीस सांगते. पण सांगण्याआधी ती मनातल्या मनात त्यात अठरा मिळवून बघते, आणि चव्वेचाळीस होतात.